दुरुस्तीआधी कुलूप: मशीनची ऊर्जा तोडण्याचा क्रम आणि तो नेमका कुठे चुकतो

मकरपुरा, पोर, वाघोडिया, मांजुसर. बडोद्याभोवतीच्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत दुरुस्तीच्या वेळी अपघात झाला की पहिलं वाक्य बहुधा हेच ऐकू येतं: "मशीन तर बंद होतं." पुष्कळदा ते खरंही असतं. मशीन बंद होतं, पण ते बंदच राहील याची सोय कुणी केली नव्हती. दुसऱ्या टोकाला कुणीतरी बटण दाबलं, गेलेली लाइट परत आली, प्रेशर स्विचने ठरल्याप्रमाणे कॉम्प्रेसर चालू केला, किंवा प्रेसचा वर थांबलेला रॅम (खाली-वर होणारा जड भाग) तेल सुटताच खाली आला.

कुलूप लावून दुरुस्ती करायची पद्धत अवघड नाही. घोटाळा होतो तो क्रमात. एखादी पायरी मागेपुढे होते, एखादी "आज राहू दे" म्हणून गळते, आणि गळणारी पायरी बहुतेक वेळा तपासणीची असते. फिटर, इलेक्ट्रिशियन, सुपरवायझर आणि स्वतःच शॉपवर (मशीन चालतात त्या शेडमध्ये) उभे राहणारे छोट्या युनिटचे मालक यांच्यासाठी हा क्रम लिहितो आहे. उदाहरणाला एक हायड्रॉलिक प्रेस घेऊ: मागे पंप-मोटर, बाजूला ॲक्युम्युलेटर (नायट्रोजनच्या जोरावर तेल दाबाखाली साठवणारं भांडं), वर जड रॅम, खाली तयार तुकडा बाहेर ढकलणारा, हवेवर चालणारा इजेक्टर. काम आहे सिलिंडरचं सील बदलण्याचं.

आधी हे ठरवा: कुलूप कधी लागतं

हात, डोकं किंवा शरीराचा कुठलाही भाग मशीन हलू शकेल अशा जागी जाणार असेल, गार्ड काढावा लागणार असेल, किंवा दाबाखालची लाइन उघडायची असेल, तर कुलूप लागतं. कामाला किती वेळ लागणार याचा इथे काही संबंध नाही. अडकलेला तुकडा काढणं, सेन्सर पुसणं, बेल्ट सरळ करणं ही "दोन मिनिटांची" कामंच घातक ठरतात, कारण त्यांच्यासाठी कुणी पॅनेलपर्यंत चालत जात नाही.

दुसरी सवय त्याहून वाईट. लाइट गेली की "तेवढ्यात रोलर पुसून घे" असं हेल्परला सांगितलं जातं. पुश बटन स्टार्टर असेल तर पुरवठा जाताच आतली कॉइल सुटते आणि मशीन पुन्हा बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाही, हे बरोबर. पण फिरवायच्या सिलेक्टर स्विचवर चालणारं किंवा ऑटो मोडमध्ये ठेवलेलं मशीन पुरवठा येताच आपणहून फिरू शकतं. डीजी सेटला (डिझेल जनरेटरला) आपोआप चालू होणारं पॅनेल जोडलेलं असेल तर तो पुरवठा काही सेकंदांतच येतो.

> सावधान: इमर्जन्सी स्टॉप म्हणजे कुलूप नव्हे. तो फक्त कंट्रोल सर्किट तोडतो. कॉन्टॅक्टरचे (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटले असतील तर मोटरकडे जाणारी वीज चालूच राहू शकते, आणि दाबलेलं बटण कुणीही फिरवून सोडवू शकतो.

मालक खर्चाची कुरकुर करत असतील तर त्यांना कलम दाखवा. चुकून "बंद"वरून "चालू"वर सरकू शकेल असं वीज तोडण्याचं साधन असेल, तर ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय हवी, हे कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २४ मध्येच लिहिलेलं होतं (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा नव्या कामगार संहितेने घेतली).

१. मशीनभोवती फेरी आणि ऊर्जेची यादी

ही यादी दुरुस्तीच्या दिवशी घाईत करायची नाही. मशीन चालू असताना, शांतपणे, कागद घेऊन भोवती फेरी मारा. आत येणारी प्रत्येक केबल, प्रत्येक पाइप, वर टांगलेलं प्रत्येक वजन लिहून घ्या. आपल्या प्रेसवर एवढं सापडेल:

- पंप-मोटरचा ४१५ व्होल्टचा मुख्य पुरवठा
- पीएलसीचा (मशीनला हुकूम देणाऱ्या छोट्या संगणकाचा) पुरवठा, जो पुष्कळदा यूपीएसवरून वेगळा येतो
- शेजारच्या कन्व्हेयरच्या पॅनेलमधून आलेली इंटरलॉकची (दोन मशीनचं चालणं-थांबणं एकमेकांशी जोडणारी) वायर
- इजेक्टरची हवा
- ॲक्युम्युलेटरमधलं दाबाखालचं तेल
- रॅम आणि त्याला लावलेल्या डायचं वजन
- गरम तेल

प्रत्येकापुढे पाच गोष्टी लिहा: येते कुठून, तोडायची कुठे, तिथे कुलूप कसं बसेल, साठलेली कशी सोडायची, आणि शून्य झाली हे कशावरून कळेल. पाचव्या रकान्यात काही लिहिता आलं नाही तर ते मशीन अजून दुरुस्तीला तयार नाही.

इंटरलॉकच्या वायरीकडे खास लक्ष द्या. आपल्या मशीनचा मेन स्विच पाडला तरी या परक्या पुरवठ्याची वायर टर्मिनलवर जिवंत राहते. नियम पाळूनही माणसाला शॉक बसतो तो अशा ठिकाणी.

पॅनेलवरच्या नावांवर विसंबू नका. मोटर बदलते, पंप दुसऱ्या जागी जातो, फीडर (पॅनेलमधून मशीनकडे जाणारी वीजलाइन) हलवला जातो, आणि लेबल तेच राहतं. "पंप-२" लिहिलेला फीडर प्रत्यक्षात तीन नंबरचा पंप चालवत असतो. एकदा केबल धरून टोकापर्यंत जा आणि लेबल दुरुस्त करा.

> तपासा: यादी मशीनवर चिकटवलेली आहे का? ऑफिसातल्या फाइलमधली यादी रात्रपाळीला मिळत नाही.

२. सामान

एक माणूस, एक कुलूप, एक चावी. दुसरी चावी सुपरवायझरच्या खणात असेल तर त्या कुलपाचा उपयोग संपला. बाजारात एकाच चावीने उघडणारी सहा कुलपांची पाकिटं मिळतात. ती गोदामाला ठीक आहेत, या कामाला चालत नाहीत. कुलपावर माणसाचं नाव हवं आणि ते दुसऱ्या कशालाही वापरायचं नाही, सायकलला नाही, लॉकरलाही नाही.

एका स्विचवर अनेक जणांची कुलपं लावायची तर हॅस्प (अनेक भोकांची कडी) लागतो. एमसीबी आणि एमसीसीबीच्या खिट्टीवर बसणारे क्लॅम्प, बॉल व्हॉल्व्हच्या दांड्यावरची कव्हरं आणि चाकवाल्या व्हॉल्व्हला गुंडाळायची केबल, एवढं एका पेटीत मावतं. जुन्या शेडमध्ये लोखंडी पेटीचे स्विच असतात. त्यातल्या काहींच्या दांड्याला कुलपासाठी भोक असतं. नसेल तर पुरवठा वरून तोडून फ्यूज काढून घ्या, पेटीचं झाकण साखळीने बांधून तिला कुलूप लावा, आणि पुढच्या शटडाउनमध्ये तो स्विचच बदला. नुसते फ्यूज खिशात घालून जाणं पुरेसं नाही. स्टोअरमध्ये दुसरे फ्यूज असतातच.

कुलपासोबत लावायच्या टॅगवर (चिठ्ठीवर) नाव, खातं, काम, तारीख, वेळ आणि फोटो हवा. बडोद्यात सुपरवायझर मराठी, ऑपरेटर गुजराती आणि हेल्पर उत्तर प्रदेश, बिहार किंवा ओडिशाचा, हे चित्र नेहमीचं आहे. आपण इंग्रजीत किंवा मराठीत लिहिलेला टॅग त्या हेल्परला वाचता येत नाही, आणि चालू करायचं बटण बहुधा त्याच्याच हाताशी असतं. माणसाचा फोटो आणि आडव्या रेघेचा हात एवढं सगळ्यांना कळतं. शिवाय कामाआधी हिंदीत आणि गुजरातीत तोंडी सांगा आणि समजलेलं त्यांच्याच तोंडून परत ऐकून घ्या. नुसती मान हलली म्हणजे समजलं असं नाही.

मोजायला दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर किंवा कॅट थ्री (मीटरवर छापलेला सुरक्षेचा वर्ग), ६०० व्होल्टचा मल्टिमीटर ठेवा. स्क्रू-ड्रायव्हरमधला दिवा या कामाला चालत नाही. पायात जाड रबरी बूट असले तर तो पेटत नाही, आणि शेजारच्या केबलमुळे उगाचच पेटतोही.

३. सांगणं आणि थांबवणं

ऑपरेटर, शेजारच्या मशीनवरचे लोक आणि शिफ्ट सुपरवायझर यांना सांगा. मग मशीन नेहमीच्या बटणाने थांबवा.

प्रेसच्या बाबतीत एक काम याच टप्प्यावर करायचं असतं आणि नेमकं तेच विसरलं जातं. रॅम वीज असतानाच पूर्ण खाली घ्या, किंवा सेफ्टी ब्लॉकवर (रॅमखाली ठेवायच्या भक्कम आधारावर) टेकवा. आधी मेन पाडला आणि मग रॅम वर राहिल्याचं लक्षात आलं, तर लोक व्हॉल्व्ह हाताने दाबून तो उतरवू पाहतात. ब्लॉक रॅम आणि डायचं मिळून वजन पेलणारा असावा, तिथे लाकडी ओंडका चालणार नाही. ब्लॉक आत असताना पंप चालू होता कामा नये.

४. तोडणं

लोड चालू असताना आयसोलेटर (वीज तोडायचा दांड्याचा स्विच) ओढायचा नाही, आर्क (विजेचा मोठा ठिणगीचा झोत) होतो. मशीन आधी थांबवलं आहे ते यासाठीच. आता पॅनेलवरचा मुख्य स्विच पाडा. पीएलसीचा वेगळा पुरवठा पाडा. शेजारच्या पॅनेलमधली इंटरलॉकची फीड पाडा. हवेचा व्हॉल्व्ह बंद करा. यादी हातात धरून एकेका ओळीवर खूण करत जा, आठवणीवर नको.

वाफ, ॲसिड किंवा सॉल्व्हंटची लाइन असेल तर एका बंद व्हॉल्व्हवर जीव टाकू नका. व्हॉल्व्हची सीट गळते. नंदेसरीकडच्या केमिकल युनिटमध्ये काम करणाऱ्यांना हे मुद्दाम सांगायला नको, पण बाहेरून आलेल्या फिटरला सांगावं लागतं. फ्लँजमध्ये (पाइपच्या जोडात) ब्लाइंड (बंद चकती) घाला, किंवा दोन व्हॉल्व्ह बंद करून मधला ड्रेन उघडा ठेवा. भांड्याच्या आत उतरायचं असेल तर परमिट वेगळं लागतं आणि आतली हवाही तपासावी लागते. कुलूप त्याची जागा घेऊ शकत नाही.

५. कुलूप

मशीनमध्ये ज्या ज्या माणसाचा हात जाणार, त्या प्रत्येकाचं कुलूप. फिटरचं, इलेक्ट्रिशियनचं, वेल्डरचं आणि हेल्परचंही. "साहेबांचं लावलंय, माझं कशाला?" हे ऐकून घेऊ नका. साहेब जेवायला जाताना आपलं कुलूप काढून नेतील, तेव्हा त्या हेल्परचा हात आतच असेल.

कुलूप लावल्यावर स्विचचा दांडा जोर लावून चालूकडे ओढून पाहा. क्लॅम्प ढिला बसला असेल तर तो इथेच कळतो. चावी स्वतःच्या खिशात ठेवा, खिळ्यावर किंवा टूलबॉक्सवर नको.

तोडायच्या जागा जास्त असतील तर प्रत्येक जागी प्रत्येकाचं कुलूप लावणं जमत नाही. मग जबाबदार माणूस सगळीकडे कुलपं लावतो, त्यांच्या चाव्या एका पेटीत टाकतो, आणि कामावरचा प्रत्येक जण त्या पेटीला आपलं कुलूप लावतो. शेवटचा माणूस आपलं कुलूप काढेपर्यंत कुणालाच चावी मिळत नाही.

६. साठलेली ऊर्जा सोडणं

इथे घाई करू नका. वीज तोडली, कुलूप लागलं, सगळे निर्धास्त झाले, आणि तरी मशीनच्या पोटात बरंच काही शिल्लक असतं.

*ॲक्युम्युलेटर.* ब्लीड व्हॉल्व्ह हळू उघडा आणि गेजवर नजर ठेवा. काटा आधी सावकाश उतरतो आणि नायट्रोजनच्या भरलेल्या दाबाशी पोचला की एकदम शून्यावर पडतो. काटा उतरलेला तुम्ही डोळ्यांनी पाहिला पाहिजे. आधीपासून शून्यावर असलेला काटा म्हणजे कदाचित बिघडलेला गेज. तेलाची बाजू शून्य झाली तरी वरच्या बाजूला नायट्रोजन भरलेलाच असतो, त्या व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. काम संपेपर्यंत ब्लीड व्हॉल्व्ह उघडाच ठेवा.

*सिलिंडर.* चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने जाऊ देणारा) आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेल अडकून राहतं. रॅमला आधार दिला आहे याची पुन्हा खात्री करा, दिशा बदलणारा व्हॉल्व्ह हाताने दोन्ही बाजूंना चालवा, आणि मगच नट सैल करा. तोही एकदम काढू नका, एकेक आटा सैल करा, तोंड बाजूला ठेवून.

> सावधान: तेल कुठून गळतंय हे बोटाने चाचपून पाहू नका. बारीक भोकातून येणारी धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते आणि दुखतही नाही, पण तेवढ्यावरून बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असं झालं तर घरी पाठवू नका, मलम लावू नका. थेट सर्जनकडे न्या आणि आत तेल गेलं आहे हे स्पष्ट सांगा.

*हवा.* नुसता बंद होणारा व्हॉल्व्ह पुरत नाही, बंद होताना पुढची हवा बाहेर सोडणारा हवा. १०० मिमी व्यासाच्या सिलिंडरमध्ये ६ बार हवा असेल तर दांडा पावणेपाचशे किलोच्या आसपास जोराने ढकलतो. हवा सोडतानाच दांडा हलू शकतो, त्यामुळे त्या क्षणी कुणाचाही हात जवळ नको.

*वीज.* मोटर व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) असेल तर आतले कपॅसिटर भरलेले असतात. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बाजूला साडेपाचशेहून जास्त व्होल्ट असतात. थांबायचा वेळ ड्राइव्हवरच छापलेला असतो. तेवढा थांबा आणि मग डीसी मोजा. पॉवर फॅक्टरच्या कपॅसिटर पॅनेललाही हेच लागू आहे.

*वेग, स्प्रिंग, उष्णता.* पॉवर प्रेसचं फ्लायव्हील वीज गेल्यावरही बराच वेळ फिरत राहतं. पूर्ण थांबेपर्यंत गार्ड उघडू नका. मोठे पंखे वाऱ्यानेसुद्धा फिरतात, त्यांना अडसर लावा. ब्रेकच्या स्प्रिंगा सैल करून घ्या.

७. तपासणं

"काका, स्विच पाडलाय ना?" "हो, पाडलाय." या संवादाला तपासणी म्हणत नाहीत. आयसोलेटरचा दांडा खाली असतो आणि आत एक पातं चिकटलेलं असतं. दांड्याकडे पाहून ते कधीच दिसत नाही.

क्रम असा:

1. मीटर आधी चालू असलेल्या सॉकेटवर किंवा फीडरवर लावून तो चालतो आहे हे पाहा.
2. मशीनच्या टर्मिनलवर मोजा. तिन्ही फेज एकमेकांशी, मग प्रत्येक फेज न्यूट्रलशी आणि अर्थशी. इंटरलॉकच्या वायरी धरून कंट्रोलची टर्मिनलंही मोजा.
3. मीटर पुन्हा त्याच चालू जागी लावून पाहा. मधल्या वेळात त्याचा फ्यूज उडाला असेल तर तो सगळीकडे शून्यच दाखवतो.
4. लोकांना बाजूला करून स्टार्टचं बटण दाबा. काही हललं नाही की सिलेक्टर परत बंदवर आणा.

चौथी पायरी एकटीच करून थांबू नका. गार्डचं दार उघडं असेल किंवा पीएलसीवर फॉल्ट असेल तर वीज असूनही मशीन सुरू होत नाही, आणि खोटा भरवसा मिळतो. मोजणी होईपर्यंत सगळं जिवंत आहे असं धरा. मोजणारा जाणकार इलेक्ट्रिशियन असावा, योग्य हातमोजे घातलेला.

> तपासा: वीज मोजली. गेज शून्यावर आहेत. रॅम टेकलेला आहे. हवा सोडली. बटण दाबून पाहिलं. पाचही झाल्याशिवाय पाना उचलायचा नाही.

८. काम चालू असताना

*मधली ट्रायल.* सील बसवलं, आता एकदा रॅम हलवून पाहायचा आहे. कुणीतरी म्हणतं, "तू आतच थांब, मी जरा जॉग करतो (थोडंसं हलवून पाहतो)." इथेच माणसं जातात. ट्रायल म्हणजे पूर्ण बाहेर येणं: हत्यारं बाहेर, माणसं बाहेर आणि मोजलेली, प्रत्येकाने आपलं कुलूप स्वतः काढलेलं. ट्रायल झाली की तिसऱ्या टप्प्यापासून सातव्यापर्यंत सगळं पुन्हा. पंधरा-वीस मिनिटं जातात, जाऊ द्या. कामाचा वेळ ठरवताना ती आधीच धरा, म्हणजे ऐन वेळी कुणी घाई करणार नाही.

*शिफ्ट बदल.* येणारा आधी आपलं कुलूप लावतो, मगच जाणारा आपलं काढतो. मध्ये एक मिनिटही हॅस्प रिकामा राहू नये. नव्या माणसाने बटण आणि गेज स्वतः तपासायचे.

*दिवाळीचं शटडाउन.* दिवाळीपासून लाभपाचमपर्यंत उत्पादन बंद असतं आणि मोठी कामं तेव्हाच निघतात. कायमचे कामगार गावी, शॉपवर दोन-तीन ठेकेदारांची माणसं, आणि कुणाचं काम कुठल्या फीडरवर आहे हे कुणालाच नीट माहीत नाही. एक ठेकेदार वेल्डिंगसाठी पुरवठा मागतो, दुसऱ्याचा माणूस त्याच पॅनेलच्या पुढच्या मशीनमध्ये असतो. म्हणून आधी कारखान्याचं कुलूप लागेल, त्यावर ठेकेदाराच्या प्रत्येक माणसाचं. कुलपं ठेकेदाराने आणली नाहीत तर गेटवरून कारखान्याने द्यावीत. रोजंदारीवर आलेल्या माणसाची बोटं काही स्वस्त नसतात.

९. पुन्हा सुरू करणं

हत्यारं मोजून घ्या. गार्ड बसवा, सगळे बोल्ट लावून. सेफ्टी ब्लॉक काढा. ब्लीड व्हॉल्व्ह बंद करा. माणसं बाजूला झाली हे मशीनभोवती फिरून डोळ्यांनी पाहा, मागच्या बाजूलाही. प्रत्येकाने आपलं कुलूप काढावं, दुसऱ्याचं नाही. सगळे स्विच बंद स्थितीत आहेत ना ते बघून मेन चालू करा, हवा हळूहळू सोडा, आणि पहिली चाल रिकामी घ्या. मग ऑपरेटरला मशीन सोपवा आणि काय बदललं ते सांगा.

१०. कुलूप आहे, माणूस नाही

संध्याकाळी मशीन तयार, पण एक कुलूप तसंच. त्याचा मालक मांजलपूरला घरी पोचलेला. लगेच कुणीतरी ग्राइंडर आणतो. थांबा.

आधी गेटच्या नोंदीत तो बाहेर गेल्याचं पाहा. मग त्याला फोन करा आणि त्याच्याशीच बोला, "त्याच्या दोस्ताने सांगितलं" चालणार नाही. तो जवळ असेल तर त्याने येऊन काढावं. येऊ शकत नसेल किंवा फोन लागतच नसेल, तर सुपरवायझर आणि एक दुसरा जबाबदार माणूस मिळून मशीन आतून-बाहेरून तपासतात, आत कुणी नाही हे दोघेही लिहून देतात, आणि सुपरवायझरच्या समोरच कुलूप कापलं जातं. रजिस्टरमध्ये वेळ, कारण आणि दोघांच्या सह्या.

दुसऱ्या दिवशी तो माणूस कामावर आला की मशीनजवळ पोचण्याआधी गेटवरच त्याला सांगायचं की तुझं कुलूप काढलं आहे, मशीन आता चालू आहे. त्याला नवं कुलूप द्यायचं आणि त्याच रजिस्टरवर त्याची सही घ्यायची.